डोमेन संस्थेच्या नावावर करायचं आहे आणि रजिस्ट्रारही बदलायचा आहे, आधी काय करावं?

ग्रंथपालवी

नमस्कार मंडळी. आमच्या तालुक्याच्या गावी जुनं सार्वजनिक वाचनालय आहे, मी तिथे चिटणीस म्हणून काम पाहते. वाचनालयाची वेबसाइट एका सभासदांच्या मुलाने कॉलेजात असताना हौसेने करून दिली. डॉट ओआरजी नाव त्याने स्वतःच्या नावावर, स्वतःच्या कार्डाने घेतलं आणि दरवर्षीचे पैसेही तोच भरत आला. आता तो नोकरीसाठी बंगळूरला असतो. परवा त्यानेच फोन करून सांगितलं, "काकू, हे संस्थेच्या नावावर करून घ्या. माझ्याकडून एखाद्या वर्षी पैसे भरायचे राहिले तर सगळं जाईल."

साइटवर आमच्या जुन्या हस्तलिखितांची आणि नियतकालिकांची स्कॅन केलेली पानं आहेत, ग्रंथसूची आहे. बाहेरगावचे अभ्यासक ती पाहूनच आमच्याकडे येतात. कार्यालयाचा ईमेलही त्याच नावावर चालतो. म्हणून यात काही बंद पडू नये अशी फार इच्छा आहे.

कार्यकारिणीला दोन गोष्टी हव्या आहेत. एक, मालक म्हणून वाचनालयाचं नाव लागावं. दोन, रजिस्ट्रार बदलावा, कारण सध्याची कंपनी फक्त कार्डावरून डॉलरमध्ये पैसे घेते आणि आमच्या ऑडिटला जीएसटीचं बिल व संस्थेच्या खात्यातून गेलेली रक्कम दाखवावी लागते. नावाची मुदत सप्टेंबरअखेर संपते. आधी काय करायचं आणि कागदपत्रं काय लागतात?

सह्यकडा

ताई, तुम्ही वेळेवर विचारलंत, आणि तो मुलगा स्वतःहून सोडायला तयार आहे हे तर फारच चांगलं. मी बरीच वर्षं सर्व्हर आणि डोमेनच्या कामात आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमची कामं खरोखरच दोन आहेत आणि त्यांचे नियमही वेगळे आहेत. लोक दोन्हींना "ट्रान्सफर" म्हणतात आणि तिथेच गोंधळ सुरू होतो. रजिस्ट्रारच्या नोंदीत मालक म्हणून ज्याचं नाव असतं तो रजिस्ट्रंट. सातबाऱ्यावर नाव कोणाचं, तसा हा प्रश्न आहे. पैसे कोणी भरले किंवा साइट कोणी बनवली यावरून तो सुटत नाही. रजिस्ट्रार म्हणजे ती नोंद सांभाळणारी कंपनी. तिच्या वर रजिस्ट्री असते: डॉट कॉमसाठी व्हेरिसाइन, डॉट ओआरजीसाठी पीआयआर, आपल्या डॉट इनसाठी निक्सी.

तुमच्यासाठी क्रम असा: आधी रजिस्ट्रार बदला, मालकाचं नाव नंतर. कारण सांगतो. डोमेन नावांचे जागतिक नियम ठरवणारी संस्था म्हणजे आयकॅन, तिच्या नियमांत १ डिसेंबर २०१६ पासून अशी तरतूद आहे की रजिस्ट्रंटचं नाव, संस्थेचं नाव किंवा त्याचा ईमेल पत्ता बदलला की पुढचे ६० दिवस ते डोमेन दुसऱ्या रजिस्ट्रारकडे नेता येत नाही. काही रजिस्ट्रार हे कुलूप नको म्हणण्याची सोय देतात, पण ती बदल करण्याआधीच निवडावी लागते. नुसता ईमेल बदलला तरी कुलूप लागतं, हे बहुतेकांना ठाऊक नसतं. हौसेने आधी पत्ते "नीट" करायला जातात आणि दोन महिने अडकतात. तुमची मुदत सप्टेंबरात संपते, तेव्हा हे तुम्हाला परवडणार नाही.

उलट आधी रजिस्ट्रार बदलला तर? त्यानंतरही ६० दिवस तिसरीकडे जाता येत नाही, पण तुम्हाला कुठे जायचंय? नव्या ठिकाणी बसून निवांत मालकाचं नाव बदला, काही अडत नाही.

प्रत्यक्ष काम असं. वाचनालयाच्या नावाने नव्या रजिस्ट्रारकडे खातं उघडा. मुलाला त्याच्या खात्यात जाऊन डोमेनचं कुलूप काढायला सांगा. लुकअपमध्ये (डोमेनची नोंद दाखवणारं आयकॅनचं पान) "क्लायंट ट्रान्सफर प्रोहिबिटेड" असं दिसत असेल तर कुलूप अजून आहे. मग त्याने ऑथ कोड, म्हणजे डोमेन हलवायचा पासवर्ड, काढून द्यायचा, त्यालाच काही ठिकाणी ईपीपी कोड म्हणतात. तो नव्या खात्यात टाकून तुम्ही एका वर्षाचे पैसे भरायचे. जुना रजिस्ट्रार मुलाच्या ईमेलवर विचारतो की हे मान्य आहे का. त्याने होकार दिला तर बऱ्याच ठिकाणी काम लगेच होतं, आणि काहीच उत्तर दिलं नाही तरी पाच दिवसांनी डोमेन नव्या जागी जातं. भरलेलं वर्ष सध्याच्या मुदतीपुढे जोडलं जातं, त्यामुळे पैसे वाया जात नाहीत. फक्त एकूण मुदत दहा वर्षांपलीकडे जात नाही.

मग मालकाचा बदल. त्याला जुन्या आणि नव्या अशा दोन्ही मालकांची ईमेलवर संमती लागते. तोवर मुलाचा जुना ईमेल चालू राहिला पाहिजे, हे त्याला आवर्जून सांगा.

नीलवर्णा

सह्यकडा, छान लिहिलंय. एक भर घालते. मालक बदलल्यावर नवा रजिस्ट्रार ईमेल पत्ता पडताळायला एक दुवा पाठवतो. त्याला १५ दिवसांत प्रतिसाद दिला नाही तर डोमेन स्थगित होऊ शकतं. पुष्कळांना ते पत्र फसवणुकीचं वाटतं आणि ते उडवून टाकतात, कारण फसवी पत्रंही अगदी तशीच येतात. त्यामुळे पत्रातल्या दुव्यावर जायच्या आधी रजिस्ट्रारच्या खात्यात स्वतः लॉगिन करून तिथे तशी सूचना आहे का बघावं.

ताई, मालक म्हणून जो ईमेल द्याल तो वाचनालयाच्या डोमेनवरचा देऊ नका. डोमेन बंद पडलं की तो ईमेलही बंद, मग दुरुस्तीचा दुवा येणार कुठे?

ग्रंथपालवी

सह्यकडा, नीलवर्णा, दोघांचे मनापासून आभार. वाचून धीर आला. दोन शंका. साइट बंद पडणार नाही ना? आणि संस्थेचा ईमेल कोणाच्या हातात ठेवावा? दर तीन वर्षांनी आमच्याकडे निवडणूक होते आणि चिटणीस बदलतो.

सह्यकडा

साइटबद्दल: रजिस्ट्रार बदलताना नेमसर्व्हर (डोमेनची साइट कुठे आहे ते सांगणारे सर्व्हर) जसे आहेत तसेच राहतात, म्हणून साइट आपोआप बंद पडत नाही. पण एक जागा फार धोक्याची आहे आणि मला वाटतं तुम्ही नेमक्या तिथेच असाल. बऱ्याच जणांचे डीएनएस रेकॉर्ड, म्हणजे साइट आणि ईमेल कुठे पोचवायचे याच्या नोंदी, रजिस्ट्रारच्याच फुकट सेवेत असतात. डोमेन तिथून गेलं की काही दिवसांत ते लोक ती सेवा बंद करतात. मग साइट जाते आणि ईमेलही जातो, आणि माणूस म्हणतो ट्रान्सफर तर यशस्वी झालं होतं!

तेव्हा मुलाला विचारा, नेमसर्व्हर कोणाचे आहेत? जुन्या रजिस्ट्रारचेच असतील तर ट्रान्सफरच्या आधी सगळे रेकॉर्ड नव्या डीएनएस सेवेत उतरवून घ्या. साइटचा ए रेकॉर्ड, डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूचा सीनेम, ईमेलचे एमएक्स, आणि एसपीएफ व डीकेआयएमचे टीएक्सटी रेकॉर्ड. हे शेवटचे दोन राहिले तर ईमेल जातो, पण समोरच्याच्या स्पॅममध्ये पडतो आणि कोणाला कळतही नाही. उतरवून झालं की नेमसर्व्हर बदला, दोन-तीन दिवस साइट आणि ईमेल दोन्ही बघा, मगच ऑथ कोड मागा. डीएनएससेक (डीएनएसची उत्तरं खरी आहेत का हे पडताळण्याची सोय) चालू असेल तर नेमसर्व्हर बदलण्याआधी जुना डीएस रेकॉर्ड काढून टाका आणि त्याचा टीटीएल, म्हणजे इतर सर्व्हर जुनी नोंद लक्षात ठेवतात ती मुदत, उलटेपर्यंत थांबा. नाहीतर पडताळणी करणाऱ्या सर्व्हरमागच्या लोकांना साइट दिसेनाशी होते, आणि तुमच्या कार्यालयात मात्र कदाचित व्यवस्थित दिसत राहते.

ईमेलबद्दल: अध्यक्ष आणि चिटणीस या दोन पदांकडे पासवर्ड असू द्या आणि तसं इतिवृत्तात लिहा. द्विस्तरीय पडताळणीचे पर्यायी कोड कागदावर छापून संस्थेच्या कपाटात ठेवा. निवडणुकीनंतर कार्यभार देताना किल्ल्या आणि शिक्के देता ना, त्या यादीत हेही घ्या. फोन नंबर मात्र कोणा एकाचा खाजगी नको, कार्यालयाचा असावा.

करवीरकर

धागा अगदी वेळेवर आला. माझ्या बहिणीचा कांदा-लसूण मसाल्याचा घरगुती उद्योग आहे, डॉट कॉम नावावर ऑर्डरी येतात. साइट करणाऱ्याने डोमेन घेतलं तेव्हा आम्ही पैसे दिले, बिलही आहे. आता त्याच्याशी पटत नाही. तो म्हणतो, होस्टिंगची बाकी भरा, नाहीतर कोड देत नाही. बाकी किती ते सांगत नाही. काय करायचं?

सह्यकडा

सगळ्यात आधी आयकॅनच्या लुकअप पानावर डोमेन टाकून बघा. पूर्वी याला हूइज म्हणत. जानेवारी २०२५ पासून डॉट कॉमसारख्या नावांसाठी आरडॅप ही पद्धत अधिकृत झाली आहे. युरोपच्या गोपनीयता कायद्यानंतर, म्हणजे मे २०१८ पासून, मालकाचं नाव बहुधा झाकलेलं असतं. पण रजिस्ट्रार कोण, मुदत कधी आणि कुलूप आहे का हे दिसतंच. संस्थेच्या नावाचा रकाना कधीकधी उघडा असतो, तोही बघा.

साइट करणारे बहुधा रिसेलर, म्हणजे रजिस्ट्रारची सेवा पुढे विकणारे असतात. लुकअपमध्ये जी कंपनी दिसेल ती खरी रजिस्ट्रार, तिला थेट लिहा. बहिणीचं नाव रजिस्ट्रंट म्हणून असेल तर हक्क तिचा. मागणी केल्यापासून पाच दिवसांत ऑथ कोड द्यावा लागतो किंवा तो स्वतः काढायची सोय द्यावी लागते. ट्रान्सफर नाकारायची कारणं आयकॅनने ठरवून दिली आहेत: फसवणुकीचा पुरावा, मालक कोण याबद्दल रास्त वाद, न्यायालयाचा आदेश, चालू वादप्रक्रिया, आधीच्या मुदतीचे डोमेनचे पैसे थकलेले असणं, ६० दिवसांची अट, अशी. होस्टिंगचं बिल थकलं हे त्यात येत नाही. तरीही दाद लागली नाही तर आयकॅनकडे ट्रान्सफरची तक्रार करता येते, फॉर्म त्यांच्या साइटवर आहे, पैसे लागत नाहीत.

त्याचं स्वतःचं नाव असेल तर मात्र रस्ता वेगळा. ते इथल्या वकील मंडळींनी सांगावं.

न्यायपथ

मी वकिली करते, थोडक्यात सांगते. हा सर्वसाधारण अंदाज आहे. कागद बघितल्याशिवाय सल्ला देणं बरोबर नाही.

भारतात डोमेन नावांसाठी स्वतंत्र कायदा नाही, पण न्यायालयांनी व्यापारचिन्हाच्या तत्त्वांवर त्यांना संरक्षण दिलं आहे. आपल्या मुंबई उच्च न्यायालयाने १९९९ मध्येच रेडिफच्या दाव्यात "रॅडिफ" हे नाव वापरायला मनाई केली होती. पुढे २००४ मध्ये सत्यम इन्फोवे विरुद्ध सिफीनेट सोल्युशन्स या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की डोमेन हा नुसता पत्ता नाही, त्यातून व्यवसायाची ओळख होते, आणि त्याच्या बाबतीत पासिंग ऑफचा, म्हणजे दुसऱ्याच्या नावाखाली आपला माल खपवल्याचा, दावा चालतो. म्हणजे मसाल्याचं नाव बहिणीने आधीपासून वापरलं असेल, पाकिटं, बिलं, एफएसएसएआय परवाना, जाहिराती असतील, तर तिची बाजू रिकामी नाही. तो सगळा पुरावा आजच एका फाइलीत लावा. डोमेनच्या पैशांचं बिल आणि त्याच्याशी झालेले व्हॉट्सॲप संदेश जपून ठेवा.

डॉट कॉमसाठी यूडीआरपी ही लवादासारखी प्रक्रिया १९९९ पासून आहे. डब्ल्यूआयपीओ या जागतिक बौद्धिक संपदा संघटनेकडे एका पंचासमोर एक ते पाच नावांसाठी शुल्क १५०० डॉलर, शिवाय वकिलाचा खर्च. तुमच्या बाबतीत ती सुचवायला मी कचरते. तिथे सिद्ध करावं लागतं की समोरच्याने नाव वाईट हेतूने नोंदवलंही आणि वापरलंही. इथे त्याने तुमच्याच सांगण्यावरून नोंदवलं होतं, आणि कराराचे वाद "हे आमच्या कक्षेत नाही" म्हणून परत पाठवले गेल्याची उदाहरणं आहेत. डॉट इन असतं तर त्यासाठीची अशीच आयएनडीआरपी प्रक्रिया लागली असती, तिथे वाईट हेतूने नोंदणी किंवा वापर यांपैकी एक पुरतं.

खरं सांगू? नोटीस पाठवायच्या आधी एकदा शांतपणे बसून बाकी किती हे त्याच्याकडून लेखी घ्या, ती रास्त असेल तर भरा आणि त्याच बैठकीत डोमेन बहिणीच्या खात्यात घ्या. त्याच रजिस्ट्रारकडे दुसऱ्या खात्यात ढकलण्याची सोय असते, तिला पुश म्हणतात, ती काही मिनिटांत होते. पैसे द्यायचे ते डोमेन खात्यात दिसल्यावर.

करवीरकर

न्यायपथताई, सह्यकडादादा, खूप आधार वाटला. लुकअप बघितलं, संस्थेच्या रकान्यात बहिणीच्या उद्योगाचंच नाव आहे! रजिस्ट्रारला आज लिहिते.

सह्यकडा

हे फार चांगलं झालं. संस्थेचा रकाना भरलेला असेल तर मालक ती संस्था धरली जाते. पत्रासोबत उद्यमचं प्रमाणपत्र किंवा दुकान नोंदणीचा कागद जोडा.

जुना_टर्मिनल

चर्चा वाचून जुनी प्रकरणं आठवली. नव्या लोकांना ही कुलपं, हे कोड म्हणजे उगाच अडवणूक वाटते, म्हणून लिहितो.

गॅरी क्रेमेन या माणसाने १९९४ मध्ये सेक्स डॉट कॉम हे नाव घेतलं होतं. पुढच्याच वर्षी स्टीफन कोहेनने एक बनावट पत्र रजिस्ट्रारला पाठवलं, आणि त्या एका पत्रावर नाव त्याच्याकडे गेलं. क्रेमेनला नाव परत मिळवायला वर्षं गेली. २००१ मध्ये न्यायालयाने कोहेनला ६.५ कोटी डॉलर द्यायला सांगितलं, पण तो देश सोडून गेला होता. मग क्रेमेनने रजिस्ट्रारवरच दावा पुढे नेला. २००३ मध्ये अमेरिकेच्या नवव्या सर्किट न्यायालयाने म्हटलं की डोमेन ही मालमत्ता आहे आणि ती भलत्याच्या हाती देणारी कंपनी जबाबदार ठरू शकते.

दुसरं पॅनिक्स डॉट कॉमचं. न्यूयॉर्कमधली जुनी इंटरनेट कंपनी. जानेवारी २००५ मध्ये शनिवार-रविवारी त्यांचं नाव त्यांना न विचारता ऑस्ट्रेलियातल्या एका रजिस्ट्रारकडे गेलं. ग्राहकांचे ईमेल भलतीकडे जाऊ लागले आणि सुट्टीमुळे पलीकडे फोन उचलायला कोणी नाही. २०२१ च्या जानेवारीत पर्ल या प्रोग्रामिंग भाषेचं पर्ल डॉट कॉमसुद्धा असंच चोरीला गेलं होतं, आणि ते चालवणारे सगळे जाणकार प्रोग्रामर होते.

म्हणून ग्रंथपालवीताई, नव्या ठिकाणी पोचल्यावर कुलूप पुन्हा लावलं आहे का हे स्वतःच्या डोळ्यांनी बघा. काही ठिकाणी ते आपोआप लागतं, काही ठिकाणी नाही.

लीड्सकर

इंग्लंडातल्या आमच्या मंडळाचं नाव डॉट यूके आहे, तिथे पद्धत निराळी. डॉट यूकेची रजिस्ट्री नॉमिनेट, तिच्या यंत्रणेत ऑथ कोड नसतो. प्रत्येक रजिस्ट्रारचा एक आयपीएस टॅग, म्हणजे ओळखखूण, असतो, जुना रजिस्ट्रार तो टॅग नव्याचा करतो आणि काम संपतं. वर्ष वाढत नाही, मुदत तीच राहते. आमच्या आधीच्या खजिनदारांना वाटलं ट्रान्सफर म्हणजे एक वर्ष वाढलं, म्हणून नूतनीकरणाकडे कोणी बघितलंच नव्हतं. सुदैवाने नव्या समितीने मुदत तपासली. देशांच्या नावांना आयकॅनचा ट्रान्सफर नियम लागू नसतो, हे इकडे राहणाऱ्या मंडळांनी लक्षात घ्यावं.

सह्यकडा

बरोबर. डॉट इनचंही तसंच, तिथे नियम निक्सीचे आणि तक्रारही निक्सीकडेच. कोड तिथे लागतो. शिवाय डॉट इनला मालकाचं नाव झाकणारी प्रायव्हसी सेवा चालत नाही, ओळखीची कागदपत्रं मागतात. ज्यांनी २०१४ नंतर देवनागरीतलं डॉट भारत घेतलं आहे त्यांनाही हेच लागू. ते डॉट इनसोबत आपोआप हलत नाही, त्याचा कोड वेगळा काढावा लागतो.

ग्रंथपालवी

मंडळी, प्रगती सांगते. नेमसर्व्हर खरंच जुन्या रजिस्ट्रारचेच निघाले. मुलाने व्हिडिओ कॉलवर माझ्यासोबत बसून सगळे रेकॉर्ड नव्या सेवेत उतरवले. ईमेल जातोय, येतोय. त्यानंतर कोड घेतला आणि ट्रान्सफर झालं. नोंदीवर आता वाचनालयाचं नाव आहे, जीएसटीचं बिल मिळालं, मुदत पुढच्या सप्टेंबरपर्यंत गेली. कुलूप बघितलं, लावलेलं आहे. कार्यकारिणीने ठराव केला की डोमेनची मुदत आणि खात्याचा तपशील वार्षिक अहवालात द्यायचा. त्या मुलाचा येत्या वार्षिक सभेत सत्कार करणार आहोत, इतकी वर्षं त्याने कोणाला न सांगता खर्च केला.

पाणंद

ताई, अभिनंदन. माझा प्रश्न जरा वेगळा. वडील शेतीविषयी लिहायचे, त्यांचा डॉट कॉम ब्लॉग आहे. ते मागच्या महिन्यात गेले. खात्याचा पासवर्ड आम्हाला माहीत नाही, ईमेल मात्र त्यांच्या फोनवर उघडा आहे. मुदत पुढच्या महिन्यात संपते. हातातून जाईल का?

न्यायपथ

तुमच्या दुःखात सहभागी आहोत. ईमेल उघडा आहे म्हणून पासवर्ड बदलून आत जाता येईल, पण मालकाचं नाव बदलताना वडिलांच्या वतीने परस्पर संमती देऊ नका. रजिस्ट्रारला रीतसर लिहा. मृत्यू प्रमाणपत्र, तुमचं ओळखपत्र आणि वारस असल्याचा कागद मागतात. मृत्युपत्र असेल तर ते जोडा. भावंडं असतील तर त्यांची ना-हरकत आधीच घेऊन ठेवा, नंतर प्रश्न उरत नाहीत.

सह्यकडा

पाणंद, मनापासून सहवेदना. लगेच हातातून जात नाही. मुदत संपल्यावर बहुतेक रजिस्ट्रार काही दिवस नेहमीच्या दराने नूतनीकरण करू देतात, पण ते दिवस कंपनीगणिक कमीजास्त असतात, त्यावर विसंबू नका. नाव रद्द झालं की ३० दिवस रिडेम्प्शनचे, त्यात परत मिळतं पण दंड भारी पडतो. मग शेवटचे पाच दिवस काहीच करता येत नाही आणि नाव सगळ्यांना खुलं होतं. जुनी चालती नावं टिपून बसलेले लोक ते त्याच क्षणी उचलतात.

तुमचा कागदोपत्री बदल महिन्याभरात होईलच असं नाही, तेव्हा आधी मुदत वाढवा. पुष्कळ रजिस्ट्रार खात्यात न जाता कोणालाही पैसे भरू देतात, मदत केंद्राला विचारा. रजिस्ट्रार बदलायचा विचार सध्या नको. मुदत संपून नूतनीकरण झाल्यावर ४५ दिवसांच्या आत डोमेन हलवलं तर भरलेलं वर्ष बुडण्याची शक्यता असते.

आणि वडिलांचं बँक खातं किंवा कार्ड बंद करायला जाणार असाल तर थोडं थांबा. ऑटो-रिन्यू त्याच कार्डावर असेल. आधी नूतनीकरण करून पावती घ्या, नंतर बँकेत जा.

पाणंद

बँकेत उद्याच जाणार होतो. आता मदत केंद्राला लिहितो आणि पावती आल्यावरच जातो.